एका तोळ्याचा पाहुणा

(येरळाकाठच्या एका गावी साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज पाट्या खाली ठेवा. आज वाचायचे नाही, ऐकायचे आहे. उद्या सकाळी जे ऐकायला जायचे, त्याची ही आजची तयारी आहे.

येरळा नदी आमच्या खटाव तालुक्यात उगवते. तुमच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ती कृष्णेला मिळते. आमचेही तसेच झाले. जन्म सातारा जिल्ह्यात, नोकरी सांगली जिल्ह्यात. चौतीस वर्षे मास्तरकी केली. मॅट्रिक झालेला माणूस हेडमास्तर होऊन निवृत्त झाला. या चौतीस वर्षांत आम्ही शेकडो मुलांना एक गोष्ट चुकीची शिकवली. ती चूक गेल्या वर्षी याच वर्गातल्या एका आक्कांनी आम्हांला दाखवून दिली. ती गोष्ट आज सांगतो.

गेल्या ऑक्टोबरात वर्ग सुटल्यावर आक्का मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या कुंपणात कोण तरी रोज चक् चक् करतंय. दिसत न्हाई. पावसाळ्यात नव्हतं. कोण असंल?"

आम्ही लगेच उत्तर दिले. मास्तरांना लगेच उत्तर द्यायची खोड असते. म्हणालो, "आक्का, तो शिंपी असेल."

आक्का म्हणाल्या, "न्हाई गुरुजी. शिंपी मला ठावं हाय. त्याची शेपटी उभी असती. त्यो बारा महिने आमच्या लिंबोणीत असतो. ह्यो दुसरा कोण तरी हाय."

"मग चिमणीचीच एखादी जात असेल," आम्ही म्हणालो.

आक्का काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या तोंडावर जे दिसले ते आम्ही ओळखले. वर्गात मुलाला उत्तर पटले नाही, पण गुरुजींना कसे बोलावे, असे वाटले की तोंड तसे होते.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला आम्ही आक्कांच्या वस्तीवर गेलो. त्यांचे कुंपण तुम्ही पाहिले आहे. साठ हात लांब. घाणेरी, बोराटी आणि मधे जुने शेर. एका टोकाला जनावरांचा पाण्याचा हौद, दुसरे टोक शेताकडे. आम्ही हौदाजवळ दगडावर बसलो. आक्का शेण भरत होत्या. अर्धा तास गेला. आवाज येत होता. चक्. मग जरा वेळाने पुन्हा चक्. दोन गारगोट्या एकमेकींवर हलकेच आपटाव्यात तसा. पण पक्षी दिसेना. एक मुंगळा मात्र आम्हांला कडकडून चावला. आम्ही उठलो, हात झटकले, कुंपणाजवळ जाऊन वाकून पाहू लागलो. आवाज बंद झाला.

आक्का लांबूनच म्हणाल्या, "गुरुजी, बसा की गप. त्याला तुमची भीती वाटती."

आम्ही पुन्हा बसलो. आणि बघा, दहा मिनिटांत तो आला. घाणेरीच्या आतल्या फांदीवरून खालच्या फांदीवर. तिथून एका पानाखाली. पानाखालची अळी उचलली आणि पुन्हा आत. एवढेच. पण एवढ्यात आम्ही त्याला पाहिले.

काय पाहिले ते नीट सांगतो. उद्या तुम्हांला हेच पाहायचे आहे.

पक्षी चिमणीपेक्षा लहान आणि सडपातळ. पाठीचा रंग मातकट. आक्कांनी त्याला फार चांगली उपमा दिली. भिंत शेणाने सारवावी आणि ती वाळल्यावर जो रंग येतो तो. पोट मळकट पांढरे, ताकासारखे. अंगावर पट्टा नाही, ठिपका नाही, पंखावर रेघ नाही. चोचीपासून डोळ्यापर्यंत भुवईसारखी एक फिकट, आखूड रेघ आहे, पण ती जवळून पाहिली तरच दिसते. चोच लांबट आणि बारीक. चिमणीची चोच दाणे फोडायची असते, म्हणून ती जाड आणि बुटकी. याची चोच चिमट्यासारखी. किडा उचलायची. चोच पाहिली तरी हा चिमणीच्या जातीचा नाही हे कळते. आम्ही चौतीस वर्षे चोच पाहिलीच नव्हती, फक्त रंग पाहिला होता.

शेपटीचे टोक गोलसर. ती शिंप्यासारखी उभी धरत नाही. वजन दहा ते बारा ग्रॅम. म्हणजे एक तोळा. तराजूच्या एका पारड्यात तोळाभर सोने ठेवा आणि दुसऱ्यात हा पक्षी बसवा. काटा मधे उभा राहील.

आक्कांच्या नातवाने मोबाइलवर त्याचा आवाज उतरवून घेतला. तो घेऊन आम्ही सांगलीला एका शिक्षकमित्राकडे गेलो. पक्षी पाहण्यात त्याची हयात गेली आहे. त्याने आवाज दोनदा ऐकला. आम्ही पाहिलेले वर्णन ऐकले. चोच विचारली, भुवई विचारली, कुठे बसला होता ते विचारले. मग म्हणाला, "गुरुजी, हा बोरू वटवट्या. ब्लिथचा बोरू वटवट्या. आणि हा इथला नव्हे. हा लांबून आलाय."

बोरू म्हणजे आपला लिहायचा बोरू. आमच्या वडिलांनी बोरूनेच अक्षरे गिरवली. तो ज्या वेतासारख्या गवताचा करतात, त्यात राहणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला हा, म्हणून बोरू वटवट्या. गंमत अशी की हा स्वतः बोरूत फारसा राहत नाही. त्याला झुडपे लागतात. शास्त्रज्ञांनी त्याचे जे लॅटिन नाव ठेवले, त्याचा अर्थ झुडपातला असा आहे. ते नाव जास्त खरे.

ब्लिथ हा एक इंग्रज. एडवर्ड ब्लिथ. कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात तो १८४१ साली कामाला लागला. तिथे त्याने १८४९ साली या पक्ष्याला शास्त्रातले नाव दिले. वीस वर्षे त्याने तिथे काम केले आणि वीस वर्षांत त्याचा पगार वाढला नाही. हे वाचले आणि आम्हांला तो एकदम जवळचा वाटला.

आता हा येतो कुठून, ते ऐका.

आपल्या उत्तरेला हिमालय. त्याच्या पलीकडे मध्य आशिया. त्याच्याही पलीकडे रशिया आणि सैबेरिया. आणि पार वायव्येला फिनलंड नावाचा देश. या सगळ्या पट्ट्यात बोरू वटवट्या उन्हाळ्यात घरटे करतो. फिनलंड इथून सरळ रेघेत सुमारे सहा हजार किलोमीटर आहे. एसटीने मुंबईला जाऊन-येऊन आपण दमतो. हा तोळाभर जीव वर्षातून दोनदा तेवढी वाट उडतो. सगळेच फिनलंडहून येतात असे नाही. सैबेरिया आणि कझाकस्तान त्यापेक्षा जवळ आहेत. आक्कांच्या कुंपणातला कुठला, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही.

तुम्ही विचाराल, एवढ्या लांब जातो कशाला? इथेच का राहत नाही? आम्हीही हेच विचारले होते. याचे कारण पोटात आहे. तिकडे जून महिन्यात दिवस फार मोठा असतो. फिनलंडच्या दक्षिण भागात एकोणीस तासांचा. किडे, अळ्या, माश्या अमाप होतात. पिलांना चारायला तेवढाच उजेड जास्त मिळतो. पण हिवाळ्यात तिथे जमीन बर्फाखाली जाते. पान नाही, किडा नाही. मग किडे खाणाऱ्याने करायचे काय? ऊसतोड मजुरांना ठाऊक आहे. जिथे हंगाम, तिथे बिऱ्हाड.

युरोपातले असे बहुतेक पक्षी थंडीत आफ्रिकेला जातात. हा मात्र उलटी वाट धरून हिंदुस्थानात येतो. उडतो तो रात्री. दिवसा एखाद्या झुडपात उतरायचे, खायचे, विसावा घ्यायचा आणि अंधार पडला की पुन्हा निघायचे. निघण्यापूर्वी भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवतो. तीच त्याची शिदोरी. वाट कशी सापडते? सूर्य, तारे आणि पृथ्वीची चुंबकशक्ती यांचा असे पक्षी उपयोग करतात, हे शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवले आहे. होकायंत्राची सुई जी शक्ती ओळखते, ती यांनाही जाणवते. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट ही की पिलू पहिल्यांदा निघते तेव्हा वाट दाखवायला आई-बाप बरोबर नसतात. दोन-तीन महिन्यांचे पोर, एकटे, रात्रीच्या अंधारात. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आन् आमचं पोरगं विट्याला जायचं तर दोनदा फोन करतंय."

इथे तो सप्टेंबरात येतो. एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जातो. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने तो आपल्याकडे काढतो. हिशेब केला तर तो त्यांचा कमी आणि आपलाच जास्त. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो ते सवयीने.

आता ओळखताना घोटाळा कुठे होतो ते सांगायला हवे. शिंप्याचे सांगितले. त्याची पाठ हिरवी असते, माथ्यावर तांबूस टोपी, शेपटी उभी आणि आवाज केवढा मोठा! दुसरा राखी वटवट्या. त्याचे डोके करडे, पोट तांबूस पिवळे, शेपटी लांब. तो इथलाच, आपल्याच गवतात घरटे करणारा. हे दोघे वर्षभर असतात. म्हणून पावसाळ्यात दिसला तर तो आपला पाहुणा नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. तिसरा हिरवट वटवट्या. तोही थंडीचा पाहुणाच, पण हा उंच झाडावर राहतो. चिंच, आंबा, लिंब. शेंड्याला पानापानांत फिरतो आणि चिऽविट चिऽविट असे ओरडतो. मान मोडेपर्यंत वर पाहावे लागते. आमच्या वयाला तो परवडत नाही.

चौथा मात्र फसवतो. त्याचे डोके करडे, गळा पांढरा स्वच्छ. तोही थंडीत येतो, बाभळीत राहतो आणि तोही टक् टक् करतो. नुसत्या आवाजावर भरवसा ठेवला तर चुकाल. आवाजाने जागा कळते. मग गळा पाहायचा. स्वच्छ पांढरा गळा आणि करडे डोके दिसले तर तो दुसरा. सगळा एकरंगी मातकट असला तर आपला.

आणि आणखी एक आहे, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारण तो आपल्या दख्खनचा म्हणून जगाला माहीत झाला. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या मुलखात बाभळीची झाडी आहे. तसल्या झाडीत थंडीत वाळूच्या रंगाचा एक वटवट्या येतो. बोरू वटवट्याहून फिकट आणि लहान. त्याचे नाव साइक्सचा वटवट्या. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अंमलदार. मुंबई सरकारने त्याला १८२४ साली दख्खनची माहिती गोळा करायच्या कामावर नेमले. गावे किती, पिके कोणती, पाऊस किती, माणसे किती, हे त्याने मोजले. ते करता करता पक्षीही टिपून ठेवले. १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्यात या वाळूरंगी पक्ष्याला त्याने शास्त्रातले नाव दिले 'रामा'. आपल्या माळावर तुरा असलेला एक चंडोल असतो, त्याला नाव दिले 'देवा'. साता समुद्रापलीकडच्या पुस्तकांत आजही हीच नावे चालतात. रामा आणि देवा. आपल्या मुलखातली नावे आपल्याला ठाऊक नाहीत आणि तिकडच्यांना ठाऊक आहेत.

हे पक्षी एकमेकांसारखे इतके की मोठमोठे फसले आहेत. ॲलन ह्यूम हे नाव ऐकले असेल. १८८५ साली काँग्रेस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत हा होता. त्याला पक्ष्यांचा नाद. १८६७ साली हिमालयात सतलजच्या खोऱ्यात त्याने एक बोरू वटवट्या मिळवला. चोच जरा मोठी होती. तसला दुसरा कुणालाच सापडेना. हा वेगळा पक्षी की नेहमीचाच, यावर वाद चालला. शेवटी २००६ साली थायलंडात एका माणसाने अभ्यासासाठी जाळ्यात पक्षी धरले, त्यात तोच निघाला. एकशे एकोणचाळीस वर्षांनी! पुढे अफगाणिस्तानच्या डोंगराळ कोपऱ्यात त्याची वस्तीही सापडली. तेव्हा उद्या कुणाला ओळखता आले नाही तर मान खाली घालू नका. "दिसला, पण ओळखला नाही" असे लिहिलेले चालते. न पाहिलेले लिहिलेले चालत नाही.

आता आक्कांच्या वहीची गोष्ट.

तेव्हा आक्कांना जोडाक्षरे नुकती येऊ लागली होती. आम्ही म्हणालो, "आक्का, रोज आवाज ऐकला की तारीख लिहा." त्यांनी चाळीस पानी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिले, "चक आला." तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी, "आला." तिसऱ्या दिवशी, "आला. हौदाकडे." असे करत करत महिनाभराने त्यांनी आमच्यासमोर वही ठेवली आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे दोन हायत."

आम्ही म्हणालो, "कशावरून?"

"एक हौदाकडचा. एक शेताकडचा. मधल्या शेराच्या पलीकडं ह्यो जात न्हाई आन् अलीकडं त्यो येत न्हाई. आला तर दुसरा धावून जातो. भावाभावाचा बांध असतो तसं."

आम्ही चार सकाळी जाऊन पाहिले. आक्कांचे खरे होते. शिक्षकमित्राला विचारले तर तो म्हणाला, हे पक्षी थंडीत असेच राहतात. जोडी नाही, थवा नाही. एकेकट्याने आपापले झुडूप राखायचे. अशा लहान पक्ष्यांच्या पायांत बारीक वळी घालून त्यांना सोडून देतात. आपल्या देशात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या देखरेखीखाली १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केले. वळे घातलेले काही लहान पक्षी पुढच्या थंडीत पुन्हा त्याच जागी सापडले आहेत. एवढी पृथ्वी ओलांडून तेच झुडूप.

हे आक्कांना सांगितले तेव्हा त्या कुंपणाकडे पाहत राहिल्या. आम्हांला नंतर कळले की घरात त्याच दिवसांत कुंपणाचा विषय निघाला होता.

थोरल्या मुलाला ते काढायचे होते. आम्ही त्याला दोष देत नाही. त्याचे म्हणणे ऐका. कुंपणात घुशी झाल्या होत्या. उसाच्या बेटाखाली बिळे. गेल्या पावसात घोणस निघाली, नातू थोडक्यात वाचला. घाणेरी तर परदेशातून बागेसाठी आणलेली, पसरली की थांबत नाही. जेसीबी शेजारच्या रानात आलाच होता. अर्ध्या दिवसात कुंपण निघते, तारेचे कुंपण होते आणि गुंठा-दीड गुंठा जमीन मोकळी होते. तो आम्हांला म्हणाला, "गुरुजी, एका तोळ्याच्या पाखरासाठी पोराला घोणस चावू द्यायची का?"

आमच्याजवळ याला उत्तर नव्हते. शिवाय आम्हांला बोलायला तोंड नव्हते. २०१७ साली आम्ही आमच्या घराचे कुंपण काढून तार लावली होती. स्वच्छ दिसते म्हणून. त्या थंडीत परसात काहीतरी कमी झाले आहे असे वाटत होते. काय कमी झाले ते कळले नाही. आता कळले. तो आवाज. वर्षानुवर्षे कानावर पडत होता आणि आम्ही ऐकला नव्हता.

तेव्हा आम्ही मुलाला एवढेच सांगितले की हा पक्षी दिवसभर अळ्या, मुंग्या, कोळी, किडे खातो. तुझ्या भाजीच्या वाफ्यातल्याही खातो. पण घोणशीवर त्याचा काही उपाय नाही, हेही कबूल केले.

निकाल आक्कांनी लावला. वही घेऊन आल्या. पाने उलटून मुलाला म्हणाल्या, "घुशी शेताच्या टोकाला हायत. घोणसही तिकडंच निघाली. तिकडचं काढ. हौदाकडचं वीस हात राहू दे. तिथली जमीन मी रोज झाडीन, खालच्या फांद्या छाटीन. बीळ दिसलं तर मग तेही काढ." मुलगा वहीकडे पाहत होता. आईने लिहिलेले त्याने पहिल्यांदाच वाचले असावे. तो म्हणाला, "बरं."

फेब्रुवारीत जेसीबी आला. चाळीस हात कुंपण गेले. वहीत त्या दिवशी लिहिले आहे, "शेताकडचा लिंबोणीत बसला. वरडला." दुसऱ्या दिवशी, "लिंबोणीत." तिसऱ्या दिवशी, "हौदाकडच्याने हाकलला." चौथ्या दिवसापासून फक्त हौदाकडच्याची नोंद आहे. शेताकडचा कुठे गेला, त्याला दुसरे झुडूप मिळाले का, हे वहीत नाही आणि आम्हांलाही माहीत नाही.

मार्चमध्ये ओढ्याकाठचा पांगारा फुलला. तिथे आम्ही दोन बोरू वटवटे पाहिले. हे किडे खाणारे असले तरी फुलातला मध चाखतात. एकाच्या कपाळाला परागाची धूळ लागली होती, बुक्का लावल्यासारखी. त्यातला एक आक्कांचा शेताकडचा असेल, असे म्हणायचा मोह झाला. पण आम्ही तसे लिहिले नाही. पायात वळे नव्हते, ओळख काय सांगावी?

एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट झाली. एरवी नुसते चक् करणारा हौदाकडचा पहाटे झुडपात बसून पुटपुटू लागला. हलक्या आवाजात, स्वतःशीच. तिकडे घरट्याच्या मुलखात हा रात्रभर गातो आणि गाताना दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. जायच्या आधी इथे थोडा गळा साफ करून घेतो. आक्कांनी लिहिले, "जात्यावर बसल्यागत म्हणतोय." शेवटची नोंद २६ एप्रिलची. "आला." त्याच्या पुढची पाने कोरी आहेत.

मायणीच्या आणि येरळवाडीच्या तलावावर थंडीत मोठाले पाहुणे येतात. चक्रवाक, बदके, एखाद्या वर्षी रोहित. त्यांना पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. जरूर पाहा, आम्हीही पाहिले आहेत. सागरेश्वरलाही जा. एके काळी उजाड असलेले ते डोंगर धों. म. मोहिते यांच्या ध्यासाने झाडीने भरले आणि १९८५ साली तिथे अभयारण्य झाले. पण बोरू वटवट्यासाठी गाडी नको, तिकीट नको. ज्याच्या बांधावर झुडूप आहे, त्याच्याकडे तो येण्याचा संभव आहे.

आता उद्याचे. सकाळी सव्वासहाला आक्कांच्या वस्तीवर जमायचे. पांढरे धोतर, लाल-पिवळे लुगडे नको, मळखाऊ रंगाचे काही असेल ते नेसा. कुत्री घरी बांधून या. सूर्य पाठीशी येईल असे बसायचे, म्हणजे उजेड पक्ष्यावर पडतो, डोळ्यांत येत नाही. बोलायचे नाही, बोट दाखवायचे नाही. विडी नको, खोकला येतो. दुर्बीण आमच्याजवळ एकच आहे, ती पाळीपाळीने मिळेल. नसली तरी अडत नाही. आक्कांनी सगळे दुर्बिणीशिवायच पाहिले. दगड मारून झुडूप हलवायचे नाही. फांद्या बाजूला करून आत पाहायचे नाही. आधी कान, मग डोळे. पक्षी दिसला की पहिल्यांदा चोच पाहा, मग गळा, मग शेपटी. रंग शेवटी. आणि जे पाहिले ते तिथेच बसून लिहा. घरी येऊन लिहिले की मन आपल्या पदरचे घालते.

आज सप्टेंबरची १२ तारीख आहे. आक्का सोमवारपासून रोज पहाटे हौदाजवळ कान देऊन बसत आहेत. नवीन वही आणली आहे. आज दुपारी आम्ही विचारले तर म्हणाल्या, "अजून न्हाई गुरुजी. काल एक आवाज झाला. पण त्यो शिंपीच हुता."